डोळ्यातले परके भिंग

माझ्या भाचीचा चष्मा मायनस ११ चा आहे. चष्मा काढला की समोरच्या माणसाचं नाक-डोळे तिला दिसत नाहीत, नुसता रंगाचा ठिपका दिसतो. काँटॅक्ट लेन्स वापरून डोळे कोरडे पडले. लेझरसाठी गेली तर कॉर्निया पातळ म्हणून नकार आला. मग एका डॉक्टरांनी तिसरा मार्ग सांगितला: डोळ्याच्या आतच, बाहुलीच्या मागे, एक कायमची लेन्स बसवायची. काम काही मिनिटांचं.

आपा हे ऐकून हादरली. ‘‘डोळा धडधाकट आहे, त्यात परकी वस्तू कशाला घालायची?’’ भाचीने मला फोन केला. ‘‘मामू, अम्मीला तुम्ही समजवा.’’

समजवायला म्हणून वाचत बसलो, तर लक्षात आलं की आपाची शंका अडाणी नाही. १९५१ साली इंग्लंडच्या नामवंत नेत्रतज्ज्ञांनी हेच म्हटलं होतं.

डोळ्याच्या आत हात घालायची धडपड मात्र त्याहून फार जुनी. सुश्रुताच्या काळापासून मोतीबिंदू सुईने ढकलून खाली पाडत. नजरेवरचा पडदा सरकायचा, पण गढूळ भिंग आतच पडून राहायचं. इसवी सन १००० च्या आसपास मोसुलहून इजिप्तला गेलेल्या अम्मार इब्न अली या हकिमाने एक वेगळी सुई वापरली. धातूची, आतून पोकळ. बुबुळाच्या कडेने ती आत घालायची आणि मोतीबिंदू ओढून घ्यायचा. त्याने आपल्या ग्रंथात स्वतः केलेल्या शस्त्रक्रियांच्या हकिकती लिहून ठेवल्या आहेत. तेव्हा फातिमी खलिफा अल-हाकिमचं राज्य होतं, आणि त्याच काळात कैरोमध्ये इब्न अल-हैथम प्रकाशाचा अभ्यास करत होता. प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो, हे ज्याने मांडलं तोही पाहण्याची जाणीव भिंगातच होते असं मानत होता. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यात उतरलेलं पाणी, अशी समजूत होती. अरबीतला तो शब्दप्रयोग भाषांतरातून लॅटिनमध्ये गेला आणि तिथे धबधब्याचा ‘कॅटॅरॅक्ट’ झाला. आपल्याकडे मोत्याचा बिंदू. हा थेंब म्हणजे खुद्द गढूळ झालेलं भिंगच आहे, हे पक्कं कळायला सतरावं-अठरावं शतक उजाडावं लागलं. १७४७ मध्ये फ्रान्सच्या जाक दाव्हिएलने ते भिंग बाहेर काढलं.

काढलं, पण त्या जागी काय? दोनशे वर्षं उत्तर एकच होतं: जाड चष्मा. माझ्या दादीचा तसाच होता. भिंगाच्या मागे तिचे डोळे आम्हा मुलांना केवढे तरी मोठे दिसायचे. तिला जग पाव पट मोठं दिसायचं, म्हणून पेला ठेवताना टेबल चुकायचं. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर एका डोळ्याला लहान आणि दुसऱ्याला मोठं चित्र दिसे, आणि मेंदूला ते जुळवता येत नसे.

१५ ऑगस्ट १९४० रोजी जर्मन विमानांशी लढताना एका ब्रिटिश वैमानिकाच्या विमानाची पारदर्शक टप फुटली. गॉगल नव्हता. पर्स्पेक्स या प्लॅस्टिकचे कण दोन्ही डोळ्यांत घुसले. एक डोळा गेला. दुसऱ्यात कण राहिले, पण डोळा भडकला नाही. अशा जखमी वैमानिकांना तपासताना हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांनी ते हेरलं: शरीर या पदार्थाला परका मानत नाही. पुढे एका शस्त्रक्रियेनंतर बघायला आलेला विद्यार्थी म्हणाला, भिंग काढलं, मग दुसरं का नाही बसवत? रिडलींनी ‘रेनर’ कंपनीकडून पर्स्पेक्सचं भिंग बनवून घेतलं आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पंचेचाळिशीच्या एका बाईच्या डोळ्यात ते घातलं.

हिशेब मात्र चुकला. नैसर्गिक भिंगाची वक्रता जशीच्या तशी घेतली, पण पर्स्पेक्स प्रकाशाला जास्त वाकवतं. त्या बाईंना मायनस वीसच्या आसपासचा नंबर लागला! माझ्या भाचीच्या जवळजवळ दुप्पट.

रिडलींनी दीड-दोन वर्षं हे गुपित ठेवलं. १९५१ मध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेत ते रुग्णांसह उभे राहिले, तेव्हा त्या काळचे सर्वांत वजनदार नेत्रतज्ज्ञ ड्यूक-एल्डर यांनी रुग्णांना तपासायलाही नकार दिला. डॉक्टरचं काम डोळ्यातून परकी वस्तू काढायचं, घालायचं नव्हे, असा सूर होता. हे सगळं हेव्यापोटी होतं असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. भिंगं घसरत होती, डोळ्यातला दाब वाढत होता. विरोधकांच्या हातात पुरावा होता. अमेरिकेत मान्यता मिळायला १९८१ उजाडलं. रिडलींना ‘सर’ किताब मिळाला तो २००० मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी. तोवर त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत तशीच भिंगं बसली होती. आणि १९९२ मध्ये मदुराईच्या ‘ऑरोलॅब’ने भिंगं इथेच बनवायला घेतली, किंमत शंभर डॉलरवरून दहाच्या आसपास आली, म्हणून आपल्या शिबिरांतून दादीसारखे चष्मे नाहीसे झाले.

पण हा झाला मोतीबिंदूचा इतिहास. तिथे खराब भिंग काढून चांगलं बसवतात. भाचीचं भिंग स्वच्छ आहे. ते तसंच ठेवून पुढे आणखी एक घालायचं, ही गोष्ट निराळी आहे, आणि जाहिरातीत हे दोन इतिहास एकत्र कालवले जातात.

ती कल्पनाही १९५० च्या दशकातली. इटलीत स्त्राम्पेल्ली आणि स्पेनमध्ये बाराकेर यांनी जास्त नंबरच्या डोळ्यांत, बाहुलीच्या पुढच्या पोकळीत, लेन्स बसवल्या. सुरुवातीला लोक खूश होते. काही वर्षांनी कॉर्निया धूसर होऊ लागले. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. तो पाणी उपसून कॉर्निया पारदर्शक ठेवतो, आणि मेलेल्या पेशींच्या जागी नव्या उगवत नाहीत. लेन्स त्या थराला घासत होती. बाराकेर यांना निम्म्याहून अधिक लेन्स परत काढाव्या लागल्या. धडधाकट डोळे होते ते.

त्यानंतर तीसेक वर्षं हा मार्ग जवळजवळ बंदच होता. १९८६ च्या सुमारास मॉस्कोचे फ्योदोरोव्ह आणि नेदरलँड्सचे यान वर्स्ट यांनी तो वेगवेगळ्या रीतीने पुन्हा उघडला. वर्स्टची लेन्स बुबुळाच्या रंगीत पडद्याला चिमटा घेऊन बसते. फ्योदोरोव्हने जागा बदलली, रंगीत पडद्याच्या मागे नेली. त्याच वाटेवरची मऊ, घडी करून आत सोडता येणारी लेन्स आज भाचीला सुचवली आहे. तिच्याही आधीच्या नमुन्यांनी काहींना मोतीबिंदू दिला, कारण लेन्स आणि भिंग यांच्यामधून पाणी नीट वाहत नव्हतं. मग मधोमध ०.३६ मिलिमीटरचं एक भोक पाडलं गेलं. इतक्याशा भोकाने बराच फरक पडला.

आपाला मी म्हटलं, परक्या वस्तूची भीती आता तेवढी नाही. पण मापं चुकली तर भीती आहे. कॉर्निया आणि भिंग यांच्यामध्ये जागा किती, पेशी किती, लेन्सचा आकार कुठला, हे विचार. भाचीला म्हटलं, नंबर एक-दोन वर्षं स्थिर असला पाहिजे, चाळिशीत वाचायचा चष्मा लागेलच, आणि पडदा सुटायची जोखीम जास्त नंबरवाल्यांना असते ती या लेन्सने जात नाही. पेशींची मोजणी मात्र दरवर्षी करून घ्यायची.

‘‘दरवर्षी? किती वर्षं?’’

‘‘लेन्स आत आहे तोवर.’’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘लिहून पाठवा मामू, डॉक्टरांना विचारायचं सगळं.’’