ललित कला विद्याशाखा, महाराजा सयाजीराव विद्यापीठ, बडोदे

महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा ही गुजरात राज्यातील बडोदे येथे १९५० साली सुरू झालेली दृश्यकलांची शिक्षणसंस्था होय. चित्रकला, शिल्पकला, मुद्राचित्रण, उपयोजित कला व कला-इतिहास हे येथील प्रमुख विषय आहेत. स्वातंत्र्योत्तर भारतीय कलेच्या इतिहासात बडोद्याचे नाव मुंबई, दिल्ली व कोलकाता यांच्या जोडीने घेतले जाते, ते या संस्थेतील अध्यापकांमुळे आणि येथून शिकून बाहेर पडलेल्या कलावंतांमुळे.

पार्श्वभूमी

बडोदे संस्थानात कलाशिक्षणाची परंपरा जुनी होती. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत १८९० साली तेथे कलाभवन स्थापन झाले; दादासाहेब फाळके हे त्याचे विद्यार्थी. विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये झाली आणि पहिल्या कुलगुरू हंसा मेहता यांच्या काळात ललित कलांना स्वतंत्र विद्याशाखेचा दर्जा मिळाला. त्याचे महत्त्व आज सहज लक्षात येत नाही. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयातून त्या काळी शासकीय पदविका मिळत असे. बडोद्यात मात्र चित्रकार वा शिल्पकार विद्यापीठाचा पदवीधर होऊ लागला. स्टुडिओतील कामाबरोबर त्याला कलेचा इतिहास आणि समीक्षाही अभ्यासावी लागे.

अध्यापक

मार्कंड भट्ट हे पहिले अधिष्ठाता. चित्रकला विभागाची धुरा नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०–१९९२) यांच्याकडे आली. इंदुरात जन्मलेले व वाढलेले हे मराठी चित्रकार १९५० ते १९६६ या काळात बडोद्यात होते आणि पुढे अधिष्ठाताही झाले. त्यांच्या प्रेरणेने १९५६ साली ‘बडोदा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्स’ हा कलावंतसमूह उभा राहिला. त्यांना १९६९ मध्ये पद्मश्री व १९९२ मध्ये पद्मभूषण हे सन्मान मिळाले. शिल्पकला विभाग शंखो चौधुरी यांनी घडवला.

१९५१ पासून येथे शिकवू लागलेले के. जी. सुब्रमण्यन (१९२४–२०१६) हे शांतिनिकेतनात नंदलाल बोस, बिनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज यांचे विद्यार्थी. कला आणि कारागिरी यांत उच्चनीच भेद मानू नये, हा त्यांच्या अध्यापनाचा गाभा होता. १९६१ पासून भरू लागलेल्या ‘फाइन आर्ट्स फेअर’ या जत्रेसाठी त्यांनी लाकूड, चामडे, मणी अशा साध्या साहित्यातून खेळणी बनवली. लखनौच्या रवींद्रालयावरील त्यांचे भाजक्या मातीचे भव्य भित्तिशिल्प (१९६३) आणि ही खेळणी एकाच दृष्टीतून जन्मली आहेत. १९८० मध्ये ते शांतिनिकेतनास परतले. २०१२ साली त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला.

नसरीन मोहमदी (१९३७–१९९०) यांनी १९७२ पासून अखेरपर्यंत येथे अध्यापन केले. शाई-पेन्सिलीच्या बारीक रेषांची त्यांची शीर्षकहीन रेखाटने हयातीत फार थोड्यांना ठाऊक होती. न्यूयॉर्कचे ‘मेट ब्रॉयर’ हे संग्रहालय २०१६ मध्ये उघडले, तेव्हाच्या आरंभीच्या प्रदर्शनांत त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन होते.

विद्यार्थी

येथील अनेक विद्यार्थी पुढे येथेच शिक्षक झाले. पहिल्या तुकड्यांतील ज्योती भट्ट यांनी मुद्राचित्रकार म्हणून कीर्ती मिळवली. शिवाय खेड्यापाड्यांतील भिंतींवरची व अंगणातली चित्रे नष्ट होत असल्याचे पाहून त्यांनी अनेक वर्षे त्यांची छायाचित्रे घेतली. हे दस्तऐवजीकरण त्यांच्या कलाकृतींइतकेच मोलाचे आहे. रतन परिमू यांनी कला-इतिहास विभाग नावारूपाला आणला. गुलाममोहम्मद शेख हे चित्रकार, कला-इतिहासकार आणि गुजराती कवी; २०१४ मध्ये पद्मभूषण आणि ‘घेर जतां’ या पुस्तकासाठी २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला.

शेखांच्या आग्रहावरून मुंबईचे सनदी लेखापाल भूपेन खख्खर (१९३४–२००३) १९६२ मध्ये बडोद्यास आले. त्यांनी येथे कलासमीक्षा शिकली. चित्रकला मात्र स्वतःच आत्मसात केली. शिंपी, घड्याळजी, न्हावी अशा साध्या माणसांना त्यांनी चित्रविषय केले, तर पुढे समलिंगी प्रेम उघडपणे रंगवले. लंडनच्या टेट मॉडर्नने २०१६ मध्ये त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. शेख व खख्खर यांनी १९६९ पासून काही वर्षे ‘वृश्चिक’ हे नियतकालिक चालवले.

मृणालिनी मुखर्जी यांनी दोरांना गाठी मारून प्रचंड शिल्पे घडवली; त्या सुब्रमण्यन यांच्या विद्यार्थिनी होत्या. ध्रुव मिस्त्री १९९१ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीचे सदस्य झाले. बर्मिंगहॅमच्या व्हिक्टोरिया चौकातील शिल्पसमूह त्यांचा आहे. पुढे बडोद्यास परतून त्यांनी अधिष्ठातापदही सांभाळले. विवान सुंदरम, नीलिमा शेख, हिम्मत शाह, राघव कनेरिया, पुष्पमाला एन. ही नावेही येथलीच.

२००७ चा वाद

मे २००७ मध्ये वार्षिक परीक्षेसाठी मांडलेल्या एका विद्यार्थ्याच्या कलाकृतींवर धार्मिक भावना दुखावल्याचा आक्षेप बाहेरील लोकांनी घेतला आणि त्या विद्यार्थ्यास अटक झाली. निषेध म्हणून इतर विद्यार्थ्यांनी भारतीय परंपरेतील शृंगारिक शिल्प-चित्रांच्या प्रतिमांचे प्रदर्शन मांडले. ते बंद करण्याचा विद्यापीठाचा आदेश प्रभारी अधिष्ठात्यांनी मानला नाही. त्यांना निलंबित करण्यात आले. परीक्षेसाठीची मांडणी हा अध्यापनाचा भाग की सार्वजनिक प्रदर्शन, हा प्रश्न त्यानंतर देशभरातील कलावंतांच्या निषेधसभांतून विचारला गेला.