पाळी आली की दोर वळायचा

साल १५२०च्या आसपासचं. जून महिना, म्हणजे इथला कडक हिवाळा. आजच्या पेरूत, कुस्को शहराच्या दक्षिणेला, अपुरिमाक नदीच्या घळीवर तुम्ही उभे आहात. उंची सुमारे ३,७०० मीटर, त्यामुळे चार पावलं टाकली की धाप लागते. साम्राज्य इंकांचं, राजा वायना कापाक. या मुलखात नाणं नाही, चाक नाही, लोखंडही नाही.

ऊन वर येताच घळीजवळच्या घरातली माणसं अंगणाबाहेर पसरलेल्या बटाट्यांकडे निघतात. काही रात्री ते उघड्यावर गोठलेत, दिवसा उन्हानं नरमलेत. तुम्हीही अनवाणी त्यांच्यावर उभे राहता. पहिली कळ पोटरीपर्यंत जाते. मग टाचेखाली साल सुटते आणि बर्फासारखं गार पाणी बोटांच्या बेचक्यांतून वर येतं. पाणी निघालेला बटाटा उन्हात खडखडीत वाळला की त्याचा चुन्यो होतो. तो वर्षानुवर्षं टिकतो. पीक बुडालं की माणसं त्यावरच तगतात.

बटाट्यांचं उरकलं की दोराचं काम. घळीवरचा पूल गवताचा आहे, आणि तो पुन्हा बांधायची पाळी यंदा तुमच्या आय्यूची, म्हणजे भावकीची आहे. गवत भिजवलेलं, दगडानं ठेचलेलं. दोन तळहातांमध्ये धरून पीळ द्यायचा, संपत आलं की नव्या काड्या सरकवायच्या. बायकांच्या हातून दोर सापासारखा वाढत जातो. तुमचा मात्र दर हातभर उसवतो. शेजारची म्हातारी न बोलता तुमचा पीळ सोडवते आणि नव्यानं धरून दाखवते. असे बारीक दोर एकत्र करून जाड दोर होतात, आणि जाड दोरांची वेणी घालून पूल पेलणारे सोल.

कुराका, म्हणजे इथला मुखिया, येतो. सोबत किपू, म्हणजे गाठींतून हिशेब ठेवणारा दोऱ्यांचा झुबका, सांभाळणारा हिशेबनीस. मुख्य दोरीला लोंबणाऱ्या दोऱ्यांवरून त्याची बोटं सरकतात: एककाच्या जागी लांब गाठ, तिचे वेढे मोजायचे, दहम, शतमाच्या जागी साध्या गाठी, मोकळी जागा म्हणजे शून्य. कोणत्या घरानं पाळी भरली, ते त्यात आहे. कर इथे कष्टांनीच भरायचा: कुणी पूल बांधतो, कुणी राजाच्या शेतात राबतो, कुणी रस्त्यावर धावतो.

एवढ्यात शंख वाजतो. चास्की, म्हणजे निरोप्या, जुन्या पुलावरून झपाझप येतो. पुढच्या ठाण्यावर दुसरा तयार असेल. अशा टप्प्याटप्प्यांनी निरोप दिवसाला दोनशे किलोमीटरच्या वर जातो.

दुपारी सरकारी कोठारातला मका शिजतो, चिचा, म्हणजे मक्याची दारू, ओतली जाते. राबणाऱ्याला खाऊ-पिऊ घालणं हे राज्याचं देणं, आणि ते चुकवलेलं चालत नाही. शेतात मात्र शेजाऱ्याकडे आपण जायचं, मग त्यानं आपल्याकडे यायचं, महाराष्ट्रातल्या सावडीसारखंच. पाळी मात्र सक्तीची. पलीकडच्या घरातली मुलगी लहानपणीच निवडून नेली. ती आता अक्या, म्हणजे निवडलेली बाई, आहे; राजासाठी कुंपी नावाचं तलम कापड विणते. तिच्या आईला कुणी विचारलं नव्हतं.

१५३२मध्ये स्पॅनिश आले. १५७०च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोनं हीच पाळी पोतोसीच्या चांदीच्या खाणींना जुंपली. घ्यायचं ते घेतलं, द्यायचं ते नाममात्र उरलं, आणि हजारो माणसं खाणीत खपली. राबण्याच्या बदल्यात राबणाऱ्याचं पोट सांभाळायची जबाबदारी गेली, की पाळीची वेठबिगार व्हायला वेळ लागत नाही.

तुमच्या हातातला दोर मात्र तुटला नाही. केस्वाचाकाचा हा पूल आजही चार गावं दर जूनमध्ये गवतानं नव्यानं बांधतात, जुना तोडून नदीत सोडतात. २०१३मध्ये युनेस्कोनं या परंपरेची नोंद घेतली. आज तिथे कुठल्या राजाची सक्ती नाही. गावं पूल बांधतात, कारण तो त्यांचा स्वतःचा आहे.