छोट्या नळीच्या बंदुका आणि पाणलावा

न्हावा शेवा म्हटलं की आता डोळ्यांपुढे येतात कंटेनरचे ढीग आणि ट्रेलरच्या न संपणाऱ्या रांगा. बंदर सुरू झालं १९८९ च्या मे महिन्यात. त्याआधी इथे खाजण होतं, मिठागरं होती, भाताची खाचरं होती, आणि पावसाळा सरला की त्यावर उतरणारे पाहुणे पक्षी होते. मी काही शिकारी नाही, आयुष्यात एक बारही काढलेला नाही. पण जुन्या वस्तूंचा नाद आहे. इंग्रजी अमदानीतल्या शिकारीबद्दल वाचताना एक वाद सारखा भेटतो. पाणलावा, लावे, छोटी बदकं यांच्यासाठी बंदूक न्यावी कुठली? बाराची की विसाची? अठ्ठाविसाची पुरेल का?

आधी हा आकडा काय ते सांगतो, कारण तो उलटा चालतो. एक रत्तल शिसं घ्यायचं आणि त्याच्या सारख्या बारा गोळ्या ओतायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोअरची नळी. वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान, म्हणून विसाची नळी अरुंद. बाराची नळी साडेअठरा मिलिमीटर, विसाची साधारण साडेपंधरा, अठ्ठाविसाची चौदा. या घराण्यात एक उपरा आहे, .४१०. त्याचा आकडा सरळ इंचांतला, म्हणजे नळी जेमतेम साडेदहा मिलिमीटर. गोळ्यांच्या हिशेबात बसवलं तर ती सदुसष्ट-अडुसष्ट बोअरची होईल!

छोट्या नळीचा मोह कशासाठी, तर वजनासाठी. पाणलावा ओल्या खाचरात चिखलाच्याच रंगाचा होऊन बसतो, अगदी पायाजवळून उठतो आणि वेडीवाकडी वळणं घेत निसटतो. त्याच्यामागे दिवसभर गुडघाभर चिखल तुडवायचा. बर्मिंगहॅमचा नामांकित बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर याचा ठोकताळा असा की बंदूक छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट जड असावी, नाहीतर धक्का खांद्याला सोसत नाही. बाराच्या काडतुसात ३२ ग्रॅम छर्रे धरले तर बंदूक तीन किलोची होते. विसात २५ ग्रॅम, बंदूक २.४ किलोची. सहाशे ग्रॅमचा फरक घरात बसून काहीच वाटत नाही. उन्हात, चिखलात, संध्याकाळी चार वाजता वाटतो.

आता खरी मेख. लोकांचा समज असा की छोटी बंदूक म्हणजे हळू मारणारी. तसं नाही. नळी कुठलीही असो, छर्रे सुटतात जवळपास सारख्याच वेगाने. त्यामुळे .४१० मधला सहा नंबरचा एक छर्रा बाराच्या छऱ्याइतक्याच जोराने लागतो. फरक आहे संख्येचा. विलायती सहा नंबरचे छर्रे एका औंसात २७० भरतात. बाराच्या सव्वा-औंसाला जरा कमी अशा काडतुसात ३०४, विसात २३६, अठ्ठाविसात दोनशेच्या आसपास आणि .४१० च्या अर्ध्या औंसात फक्त १३५.

बंदूक पारखायची जुनी रीत अशी, की चाळीस यार्डांवर तीस इंचांचं वर्तुळ काढायचं आणि आत किती छर्रे पडले ते मोजायचे. तोंडाशी पूर्ण आवळलेल्या नळीतून सत्तर टक्के पडावेत. म्हणजे बाराचे २१३ आणि .४१० चे ९५. आता त्या वर्तुळात मुठीएवढा पाणलावा ठेवा. ९५ छऱ्यांच्या मधून तो सहज निसटतो, नाहीतर एखादाच छर्रा घेऊन दूर तिवरांत जाऊन पडतो आणि कुणाला सापडत नाही. बारीक आठ नंबरचे छर्रे भरले तर .४१० मध्येही सव्वादोनशे मावतात, पण बारीक छर्रा लांबवर दम धरत नाही. म्हणून पाणलाव्याला ते चालतात, बदकाला नाही.

मुलाला पहिली बंदूक .४१० ची द्यायची चाल साहेबांत होती. हलकी, धक्का कमी, हे खरं. पण हिशेब पाहिला की वाटतं, ही तर मुरलेल्याची बंदूक. वीस-पंचवीस यार्डांपलीकडे बार न काढण्याचा संयम ज्याला आहे, त्याचीच. माझं मत विचाराल तर विसाची सगळ्यात शहाणी.

गंमत म्हणजे हिंदुस्थानात .४१० चा एक वेगळाच अवतार झाला. इशापूरच्या कारखान्यात ली-एनफिल्ड रायफलींच्या नळ्या पोखरून .४१० च्या एकबारी मस्केटी केल्या गेल्या, पोलिसांसाठी आणि पहारेकऱ्यांसाठी. काडतूसही मुद्दाम वेगळं, .३०३ च्या पुंगळीवर बेतलेलं, म्हणजे शिकाऱ्याचं साधं .४१० त्यात बसू नये. विलायतेत पोराच्या हातातली बंदूक इथे जमावासमोर उभी राहिली.

आपल्या कोकणातल्या शेतकऱ्याला यातला कुठलाच वाद माहीत नव्हता. त्याची ठासणीची. नळीत दारू ओतायची, चिंधी कोंबायची, गजाने ठासायची, मग छर्रे, पुन्हा चिंधी, आणि केप लावून घोडा ओढायचा. माप म्हणजे तळहात. शेतराखणीच्या परवान्यावर अशा बंदुका कोकणात पिढ्यान् पिढ्या नांदल्या. काडतुसाची बंदूक ज्याला परवडली त्याने बहुधा बाराचीच घेतली, कारण काडतूस मिळायला हवं ना! खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, आणि तिथली बाराची काडतुसं शिकाऱ्यांच्या चांगल्या ओळखीची.

मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी-पक्षी संरक्षणाचा कायदा केला. मग १९७२ चा केंद्राचा आला. त्यातही छोट्या शिकारीचा परवाना मिळायची वाट होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. त्याच वर्षी अमेरिकेत पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे वापरायला देशभर बंदी झाली. युरोपीय संघाने पाणथळीत ती २०२३ च्या फेब्रुवारीत आणली. कारण साधं आहे. तीनशेतले चार-पाच छर्रे पक्ष्याला लागतात, उरलेले चिखलात. बदकं दाणे दळायला बारीक खडे गिळतात, त्यांबरोबर शिसंही गिळतात आणि विषबाधेने मरतात. पोलादी छर्रे हलके, म्हणून मोठे घ्यावे लागतात आणि संख्या आणखी घटते. .४१० चा हिशेब तिथे पारच कोसळतो.

उरणकडे पाणजे, भेंडखळ, बेलपाडा इथे अजून पक्षी उतरतात. तिथे भराव पडतोय, भरतीचं पाणी अडतंय, अशा तक्रारी पक्षीप्रेमी आणि मच्छीमार करत आले आहेत. पाणलाव्याला चोच खुपसायला मऊ चिखल लागतो. मुरमाच्या भरावात ती जात नाही.