घोड्याची पारख

मार्गशीर्षांतील पौर्णिमेच्या सुमारास जळगांवाहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडींत बसावें, अंमळनेर मागें टाकून दोंडाईच्यास उतरावें व तेथून तापीची वाट धरावी, म्हणजे सारंगखेडें लागतें. हें गांव पूर्वीं धुळें जिल्ह्यांत होतें. १९९८ सालीं नंदुरबार जिल्हा निराळा झाला, तेव्हांपासून तें त्या जिल्ह्यांत मोडतें. परंतु खानदेशचीं माणसें असल्या वांटण्या फारशा मनावर घेत नाहींत. येथील एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीस भरते, आणि तिजबरोबर घोड्यांचा जो बाजार भरतो त्याची कीर्ति देवाच्या कीर्तीच्या खालोखाल आहे. मारवाडी, काठेवाडी, सिंधी अशीं नाना जातींचीं जनावरें दुरून येतात. कोणी पंचकल्याणी, कोणी अबलख, कोणी पांढरा शुभ्र नुकरा.

एका वर्षीं आम्ही तेथें गेलों असतां एक लहानसा प्रसंग पाहिला. धुळ्याकडील एक शेतकरी एक कुमाईत घोडी पाहत होता. त्यानें तिचे दांत पाहिले, खूर उचलून पाहिले, तिला मैदानांत दोनदां पळविली. जनावर निकोप होतें. सौदा ठरण्याच्या बेतांत आला, तोंच बरोबरच्या वृद्धानें तिची आयाळ वर केली, केसांत बोट फिरविलें, आणि कांहीं न बोलतां हात मागें घेतला. केसांचा एक भोवरा अशुभ स्थानीं निघाला होता. गिऱ्हाईक निघून गेलें. आम्हीं मालकास विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "दादा, तिच्या पायांत काय आहे तें एकट्यानें पाहिलें, केसांत काय आहे तें आतां सारा बाजार पाहील."

हें वाक्य आमच्या मनांतून गेलें नाहीं. पारख कशाची करावयाची, अंगावरील चिन्हाची कीं अंगांतील कर्तृत्वाची, हा वाद सारंगखेड्याहून फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. अश्वाध्यक्षानें प्रत्येक घोड्याचें कुल, वय, वर्ण, चिन्ह, वर्ग व तो कोठून आला हें लिहून ठेवावें, असें तेथें सांगितलें आहे. कांबोज व सिंधु देशांचे घोडे उत्तमांत गणले आहेत. परंतु ग्रंथकार तेवढ्यावर थांबत नाहीं. स्वारीच्या घोड्यानें आपल्या प्रतीप्रमाणें पांच, साडेसात किंवा दहा योजनें चालावें, असें मापहि तो देतो. पुढें वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत अश्वलक्षणाचा अध्याय येतो. त्यांत शुभाशुभ भोवरे सांगितले आहेत, आणि त्याच अध्यायांत दांतांच्या रंगावरून वय ओळखण्याची रीतहि सांगितली आहे. दांत पाहून वय सांगणें हें निरीक्षण होय. भोवरा पाहून धन्याचें भविष्य सांगणें ही समजूत होय. दोन्ही एकाच पानावर, एकाच अधिकारवाणीनें आलीं, आणि एकाच हातानें आपल्या बाजारांत उतरलीं.

आतां याच्या अगदीं उलट टोकाची पारख पाहूं. इंग्लंडांत जॉन चेनी नांवाच्या गृहस्थानें १७२७ सालापासून शर्यतींचे निकाल वर्षावर्षाला छापण्यास आरंभ केला; १७९१ सालीं वेदरबी यानें घोड्यांच्या वंशावळीचा ग्रंथ प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. तेव्हांपासून तेथील घोडा केवळ अंगानें बाजारांत उभा राहत नाहीं. त्याच्यामागें त्याची चोपडी उभी असते. मागील कामगिरीच्या या ताळेबंदास तेथें फॉर्म म्हणतात. मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावरील शर्यती सपाट धांवेच्या असतात. इंग्लंड-आयर्लंडांत मात्र कुंपणें व चर ओलांडीत धांवण्याच्या शर्यतींचा मोठा मान आहे. १७५२ सालीं आयर्लंडांत दोघां गृहस्थांनीं एका चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या मनोऱ्यापर्यंत रानांतून घोडे पिटाळले, त्यांतून ही चाल निघाली असें सांगतात. मार्च महिन्यांत चेल्टनहॅम येथें या शर्यतींचा महोत्सव भरतो. सव्वातीन मैलांचा सुवर्णचषक हा त्यांतील मुकुटमणि. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं लिव्हरपूलजवळ एन्ट्री येथें ग्रँड नॅशनल होते. ती चार मैलांहून लांब असून तींत तीस उड्या असतात.

महोत्सव संपला म्हणजे पारख्याचें खरें काम सुरू होतें. कोण जिंकला हें शेंबडें पोरहि सांगेल. जाणता माणूस विचारतो: पाठीवर वजन किती होतें? कारण अनेक शर्यतींत सरस घोड्याला अधिक वजन देऊन सर्वांस समान पातळीवर आणतात. जमीन ओली होती कीं टणक? प्रतिस्पर्धी कोण होते? आणि जिंकला तो हंसत खेळत, कीं ऊर फुटेपर्यंत?

गोल्डन मिलर या घोड्यानें १९३२ पासून १९३६ पर्यंत सुवर्णचषक लागोपाठ पांच वेळां जिंकला. १९३४ सालीं त्यानें नॅशनलहि जिंकली. १९३५ च्या मार्चांत त्यानें थोमंड दुसरा याला एका लांबीहूनहि कमी अंतरानें हरविलें. ती झुंज अतिशय निकराची झाली. पंधरा दिवसांनीं सर्वांनीं त्याच्यावरच पैसे लावले. एन्ट्रीच्या वाटेवर त्यानें स्वारास पाडलें. दुसऱ्या दिवशीं पुन्हां एका शर्यतींत उतरविलें, तर पहिल्याच कुंपणाशीं तेंच झालें. लोकांनीं विजय मोजला होता. त्या विजयाची किंमत मोजली नव्हती.

उलट बाजू पहा. फॉयनाव्हन हा घोडा १९६७ च्या सुवर्णचषकांत पार मागें राहिला. त्याच वर्षीं नॅशनलमध्यें तेविसाव्या कुंपणाशीं घोड्यांचा एकच गोंधळ झाला. मागून येणारा फॉयनाव्हन वाट काढून निसटला आणि एकास शंभर या भावानें जिंकला. विजय खरा, परंतु त्यावरून घोडा श्रेष्ठ ठरत नाहीं. आणि आर्कलचें उदाहरण तर चटका लावणारें आहे. १९६४, ६५ व ६६ असे तीन सुवर्णचषक जिंकणारा हा आयरिश घोडा १९६६ च्या डिसेंबरांत केंप्टन येथें डॉर्मंटकडून एका लांबीनें हरला. चोपडींत लिहिलें गेलें, 'दुसरा'. नंतर कळलें कीं पायांतील हाड मोडलें असतां तो धांवला होता. तो पुन्हां कधीं शर्यतींत उतरला नाहीं. ज्याला तो 'दुसरा' हा शब्द तेवढाच वाचतां येतो, त्याला आर्कलची सर्वांत मोठी धांव हार म्हणूनच दिसणार.

यावरून आम्हांस असें वाटतें कीं आंकडाहि भोवऱ्यासारखाच वाचतां येतो. परिस्थितीपासून तोडलेला निकाल हें एक चिन्हच. तें केसांत असो कीं कागदावर असो. आम्हां इतिहास शिकविणारांस ही गोष्ट विशेष बोंचते. १४ जानेवारी १७६१ या एका दिवसावरून मराठ्यांच्या घोडदळाचा किती लोकांनीं कायमचा निकाल लावून टाकला! दोन महिन्यांहून अधिक काळ छावणी कोंडली गेली होती, चारादाणा तुटला होता, जनावरें उपासानें खंगलीं होतीं, हें त्या निकालाच्या खालीं बारीक अक्षरांत राहून जातें. भीमाथडीचें तट्टू दिसावयास अरबी घोड्यापुढें उणें. त्याची ख्याति कोरड्या चाऱ्यावर दूरची मजल मारण्याची होती. त्याला उपाशी कोंडून मग मैदानांत उभें करणें म्हणजे त्याचा गुणच काढून घेऊन परीक्षा घेणें होय. १७७१ सालीं मराठे पुन्हां दिल्लींत शिरले, हेंहि त्याच चोपडींतलें पुढचें पान आहे. याचा अर्थ पराभवास सबबी शोधाव्या असा नव्हे. पानिपतांत चुका झाल्या, आणि त्या मोठ्या होत्या. परंतु जो पराभवाला वजन लावून पाहतो, त्यानें विजयालाहि तेंच वजन लावावें. मग आपल्या कित्येक आवडत्या विजयांत एखादा फॉयनाव्हन निघेल.

आतां त्या शेतकऱ्यास हंसावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. हंगामाची शिल्लक गांठीला बांधून तो आला होता, निर्णय घटकाभरांत करावयाचा होता, आणि त्या घोडीमागें चोपडी नव्हती. तिच्या आईबापांची, तिनें मारलेल्या मजलांची, तिच्या आजारांची एक ओळहि कोठें लिहिलेली नव्हती. जेथें नोंद नसते तेथें माणूस केसांत भविष्य शोधतो. कौटिल्यानें सांगितलेली चोपडी आपण टाकून दिली आणि वराहमिहिराचे भोवरे तेवढे जपून ठेवले. दोष असेल तर तो या निवडीचा आहे, एकट्या त्या शेतकऱ्याचा नाहीं.

संध्याकाळीं आम्ही परत निघालों तेव्हां ती घोडी खुंटाशींच उभी होती. मालक तिला हातानें दाणा चारीत होता. कोणी मुलगा जवळून गेला कीं ती कान टंवकारून मान वर करी, आणि मालक लगबगीनें तिची आयाळ सारखी करी.