माशी कुठे ठेवली होती?

संस्थानी काळावरच्या माझ्या पहिल्या कादंबरीतला नायक मैलभरावरून एका गोळीत वाघ लोळवतो. ते वाचून एका निवृत्त सुभेदारांनी पोस्टकार्ड धाडले : ‘मास्तर, वाघ पडला, ठीक. पण माशी कुठे ठेवली होती?’

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा बारीक उंचवटा. मागच्या खाचेतून माशी पाहावी आणि माशीवर सावज, एवढेच माझे ज्ञान. शरमेपोटी वाचू लागलो आणि पोचलो थेट १८७४ सालच्या टेक्सासच्या माळावर.

गोळी नळीतून सुटते त्या क्षणापासून खाली येऊ लागते. दगडाने दूरचा आंबा पाडणारे पोर हे जाणते. दगड आंब्याच्या वर रोखते. किती वर, एवढाच खरा प्रश्न. बायसनच्या शिकाऱ्यांची आवडती शार्प्स रायफल काळ्या दारूची, त्यामुळे गोळी जड आणि संथ. बंदुकीचे वजन बारा ते सोळा पौंड! ती हातावर कोण पेलणार? शिकारी दोन काठ्या वरच्या टोकाशी वादीने बांधी, त्यांची कैची जमिनीवर उभी करी आणि खाली बसून तीवर नळी टेकी. मागची खाच एका छोट्या शिडीवर बसवलेली असे. अंतर वाढेल तशी ती वर सरकवायची. काहींच्या दस्त्यावर उभी पट्टी असे. तिच्यातले बारीक भोक स्क्रूने केसाएवढे वरखाली होई. सिराक्यूजच्या माल्कमने बनवलेल्या लांबलचक दुर्बिणीही होत्या, पण थोड्यांजवळ.

अंतर मात्र डोळ्यांनीच जोखायचे, आणि तेही झाड ना घर अशा माळावर. एक गोळी टाकावी, धूळ कुठे उडते ते पाहावे आणि पुन्हा खाच सरकवावी.

१८७१च्या सुमारास बायसनच्या कातड्यापासून कारखान्यांच्या पट्ट्यांना चालेल असे चामडे कमावता येऊ लागले. १८७२ मध्ये डॉज सिटीला आगगाडी आली. मग सुरू झाले ते शिकार म्हणवत नाही. बायसनचे नाक तिखट, डोळा मंद. वाऱ्याच्या उलट बाजूला दोनशे-तीनशे यार्डांवर बसून शिकारी आधी म्होरकी मादी टिपी, तीही फुप्फुसात, म्हणजे ती उधळत नसे. शत्रू दिसत नाही, वास येत नाही. बाकीची जनावरे तिच्याभोवती हुंगत उभी राहत आणि एकेक करून पडत. नळी तापली की तीवर पाणी ओतायचे. हे वाचले त्या रात्री मला जेवण गेले नाही.

ज्या कळपांवर त्यांचे पोट होते, ते असे संपू लागल्यावर कोमांची, कायोवा आणि शायेन लोकांनी २७ जून १८७४ रोजी अ‍ॅडोबी वॉल्स या शिकाऱ्यांच्या ठाण्यावर हल्ला केला. दोन-तीन दिवसांनी दूरच्या टेकाडावर काही घोडेस्वार दिसले. बिली डिक्सनने उसनी शार्प्स घेऊन गोळी झाडली आणि एक स्वार खाली आला. अंतर १,५३८ यार्ड सांगतात. फळ्यावर आकृती काढून पाहिली : गोळीला पाचएक सेकंद लागले असणार आणि नळीचा रोख त्या स्वाराच्या डोक्यावर काही शे फूट असणार. डिक्सनने स्वतः, आठवणी सांगताना, हा नेम नव्हे, नशीब, असेच म्हटले. तो १९१३ मध्ये वारला. इतक्या प्रामाणिकपणे फुशारकी नाकारणारा शिकारी विरळाच.

त्यापूर्वीच, १८८९ मध्ये, विल्यम हॉर्नडे यांनी उत्तर अमेरिकेतले उरलेले बायसन मोजले होते. कोट्यवधींपैकी भरले जेमतेम अकराशे.

दुसऱ्या आवृत्तीत मी तो मैल पुसून दोनशे पावले केली आणि सुभेदारांना प्रत पाठवली. चार दिवसांनी पोस्टकार्ड आले : ‘आता वारा कुठल्या बाजूचा होता तेवढे कळवा.’