वाहतूकदारांची संघटना आणि ट्रकचालक : जानेवारी २०२४ चा संप

रेवसच्या धक्क्यावरून धरमतर खाडीपलीकडे उरण तालुक्यातील करंजा दिसते. याच तालुक्यात १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि कंटेनर वाहणारा ट्रकचालक रायगडच्या अर्थजीवनाचा घटक बनला. त्याची बाजू कोणी मांडावयाची, हे मात्र ठरले नाही. ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेस ही प्रामुख्याने वाहनमालकांची संघटना. जुलै २०१८ मधील तिच्या चक्का जाममध्ये डिझेलचे दर, टोल व विम्याचे हप्ते हे विषय अग्रभागी होते. ते मालकाच्या हिशेबवहीतले होत.

भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये प्राणघातक अपघातानंतर खबर न देता पळणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कारावास ठरविण्यात आला. ही शिक्षा मालकाने भोगावयाची नव्हती. थांबावे तर जमाव मारतो, निघावे तर कायदा धरतो, ही चालकांची कैफियत. ती निराधार म्हणता येणार नाही. १ जानेवारी २०२४ रोजी त्यांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळ पानेवाडीचे टँकर थांबले, पंपांवर रांगा लागल्या. २ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिवांशी बोलणी केली ती मात्र काँग्रेसच्या पदाधिकाऱ्यांनी. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली, ती हे उपकलम वगळून. ते लागू करण्यापूर्वी विचारविनिमय करावयाचा, असे शासनाने जाहीर केले होते, तो याच मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसशी.