काडतूस आणि रिलोडिंगचं सामान कुरिअरने मागवता येतं का? सातारा-सांगलीच्या दुर्गम गावांसाठी माहिती

मोबाईलपासून पाण्याच्या मोटारीपर्यंत सगळं आता घरपोच येतं. मग पाटण, जावळी किंवा शिराळ्याच्या डोंगरातल्या ज्या शेतकऱ्याकडे पीक संरक्षणाची परवान्याची बंदूक आहे, त्याच्या मनात प्रश्न येणारच. काडतुसं, टोप्या, छर्रे, दारू किंवा काडतूस पुन्हा भरायचं मशीन ऑनलाईन मागवलं तर काय बिघडलं? कांदाटी खोऱ्यातून तालुक्याला यायचं तर आधी लाँच पकडावी लागते, त्यामुळे प्रश्न अगदी रास्त आहे.

उत्तर आधीच सांगतो : नाही येत. पण का नाही येत, ते समजून घेतलं तर पैसे वाचतील आणि कदाचित जेलही.

काडतुसात असतं काय?

चार गोष्टी असतात : बाहेरची खोळ, बुडाला टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि पुढे छर्रे किंवा गोळी. उडालेल्या काडतुसाची खोळ शाबूत असेल तर त्यात बाकीचे तीन भाग नव्याने बसवायचे, याला रिलोडिंग म्हणतात. अमेरिकेत हा घरगुती छंद आहे, म्हणून यूट्यूबवर त्याचे ढिगाने व्हिडिओ दिसतात. ते बघूनच आपल्याकडे गैरसमज होतो. (जाता जाता : बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाचे १२ सारखे गोळे केले तर एका गोळ्याचा जो व्यास, तोच नळीचा.)

कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या भलतीच मोठी आहे. त्यात नुसतं तयार काडतूस नाही, तर दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा येतात. म्हणजे टेबलावर बसवायचं ते छोटं रिलोडिंग प्रेस तुम्हाला लोखंडी खेळणं वाटेल, कायद्याला नाही. त्याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये एक सूट आहे. किरकोळ भाग, जो इतर भागांसोबत वापरायचा हेतूच नाही, तो बाळगायला हरकत नाही. त्यामुळे रिकाम्या खोळीची किचेन चालून जाईल. पण घरात खोळ, टोप्या आणि दारू एकत्र सापडली तर ‘हेतू नव्हता’ हे कोणाला पटवणार?

शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने वाढल्या. परवान्याशिवाय दारूगोळा बाळगला तर किमान २ आणि कमाल ५ वर्षं. परवान्याशिवाय बनवणं किंवा विकणं यात किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. बंदुकीचा परवाना असणं म्हणजे काडतूस बनवायचा परवाना असणं नव्हे, ही गल्लत सर्रास होते.

कुरिअरवाले का घेत नाहीत?

इथे तांत्रिक भाग येतो. जगभरात धोकादायक मालाला संयुक्त राष्ट्रांचे क्रमांक दिलेले असतात. साधी काडतुसं ००१२, टोप्या ००४४, काळी दारू ००२७. तिन्ही स्फोटकांच्या पहिल्या वर्गातल्या. त्यातही काळी दारू १.१ गटात, म्हणजे पेटली तर सगळा साठा एकदम उडू शकतो असा गट. तयार काडतुसं १.४ एस मध्ये, म्हणजे धोका बहुतांशी पॅकिंगपुरताच. म्हणून विमान प्रवाशाला कंपनीच्या आगाऊ परवानगीने ५ किलोपर्यंत काडतुसं चेक-इन सामानात नेता येतात, पण सुटी दारू किंवा टोप्या अजिबात नाहीत.

दिल्लीहून साताऱ्याला निघालेलं पार्सल बऱ्याचदा विमानाने पुण्यात उतरतं. एक्स-रेमध्ये टोप्यांचं पाकीट दिसलं की पार्सल पुढे जात नाही, पोलिसात जातं. पाठवणाऱ्याचं नाव खोटं असेल, घेणाऱ्याचा पत्ता मात्र खरा असतो. पोस्ट खेड्यापाड्यात पोचतं हे खरं, पण स्फोटक वस्तू टपालानेही चालत नाहीत.

मग व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुकवर ‘काडतूस होम डिलिव्हरी’ म्हणणारे कोण? बहुतेक आगाऊ पैसे घेऊन ब्लॉक करणारे. आणि तक्रार कुठे करणार, काय मागवलं होतं म्हणून सांगणार?

मग योग्य मार्ग कोणता?

मूळ परवाना घेऊन परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे स्वतः जायचं. एका वेळी किती आणि वर्षभरात किती काडतुसं घेता येतील ते परवान्यावरच लिहिलेलं असतं, विक्रेता खरेदीची नोंद करतो. ठासणीची बंदूक असेल तर दारू आणि टोप्यांचंही तसंच. बारा बोअरची काडतुसं आपल्या जवळच बनतात : पुण्यातली खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची, २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया कंपनीखाली.

म्हाताऱ्या परवानाधारकाला जाणं जमत नसेल तर? कलम ३ मध्ये सोय आहे. धारकाच्या वापरासाठी त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस बंदूक किंवा दारूगोळा वाहून नेऊ शकतो. पण कलम वाहून नेण्याबद्दल बोलतं, खरेदीबद्दल नाही. त्यामुळे मुलाला पाठवण्याआधी विक्रेत्याला आणि पोलीस ठाण्याला विचारा. परवान्यावर युनिक आयडी क्रमांक आहे ना, मुदत संपली नाही ना, तेही बघून घ्या. नाहीतर लाँच, एसटी, सगळा दिवस वाया.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बंदूकधारकाने वन विभागाकडे नाव नोंदवावं लागतं, आणि तिथे नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही. आजोबांची बंदूक वारसाने नावावर करणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं. बंदूक आहे म्हणून रानडुक्कर मारता येतं असंही नाही, त्याला वेगळी परवानगी लागते.

कुरिअरने काय येतं?

नळी साफ करायचा गज, ब्रश, कव्हर, पट्टा, कानातले प्लग. तेल बाटलीतलं घ्या. स्प्रेचा डबा दाबाखालचा असल्याने विमानाने जात नाही, पार्सल अडकतं. पिकासाठी सौर झटका मशीनही पार्सलने येतं. जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी शासनाची अनुदान योजना आहे, वन परिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा. मात्र झटका मशीनऐवजी थेट लाईटच्या तारा कुंपणाला जोडू नका, त्यात डुकराआधी माणूस जातो. पाईप आणि कार्बाइडच्या ‘बंदुकी’ही नकोत. २०२५ च्या दिवाळीत भोपाळमध्ये त्यांनी कित्येक मुलांचे डोळे जखमी केले.